अफवा, निर्बंध आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : आदिलाबाद सीमाभागाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. खटला काश्मीरमधील इंटरनेटबंदीचा होता. इंटरनेटच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीलाही संविधानाच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे, त्यामुळे सेवा खंडित करण्याचा प्रत्येक आदेश सकारण, जाहीर केलेला आणि परिस्थितीच्या प्रमाणात असला पाहिजे, अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. या निकालाची शाई वाळते न वाळते तोच १२ जानेवारीच्या रात्री तेलंगणातील भैंसा गावात दंगल उसळली. जमावबंदी लागू झाली आणि भैंसा परिसरातील इंटरनेट बंद करण्यात आले. अफवा पसरू नयेत हा त्यामागील हेतू होता.

भैंसा आज निर्मल जिल्ह्यात आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. तोपर्यंत हा सर्व मुलूख एकच होता. त्याही आधी, १९५६ पूर्वी, किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुकेही याच जिल्ह्याचे भाग होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण नातीगोती, बाजारहाट आणि भाषा बदलल्या नाहीत. भैंसा, मुधोळ, बेला, जैनद या भागात मराठी घरोघरी बोलली जाते; सोबत तेलुगू आहे, उर्दू आहे, डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी आहे. एकच बातमी येथे चार-पाच भाषांतून फिरते आणि प्रत्येक भाषेत थोडी वेगळी होऊन पोहोचते.

अशा प्रदेशात खोट्या माहितीवर निर्बंध असावेत की नसावेत हा केवळ तात्त्विक वाद राहत नाही. येथे अफवेने घरे जळाली आहेत. परंतु अफवा रोखण्याच्या नावाखाली दिलेला अधिकार कोणाविरुद्ध वापरला जाईल, हाही प्रश्न येथे तितकाच जिवंत आहे. खोटे बोलणे वाईट याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. अमुक एक विधान खोटे आहे हे कोणी ठरवायचे, केव्हा ठरवायचे आणि ठरल्यावर काय करायचे, हा खरा वाद आहे. प्रस्तुत लेखात या वादाचे विवेचन काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे केले आहे.

येथे एक भेद सुरुवातीलाच लक्षात घेणे इष्ट ठरेल. एखादा मनुष्य ऐकलेली गोष्ट खरी समजून पुढे सांगतो आणि ती चुकीची निघते, ही झाली चुकीची माहिती. दुसरा मनुष्य ती खोटी आहे हे जाणून, कोणाचे तरी नुकसान व्हावे या हेतूने पसरवतो, हा झाला अपप्रचार. बाजारात दोन्ही एकाच चेहऱ्याने फिरतात. कायद्याने मात्र दोघांना एकाच तराजूत तोलता कामा नये.

संस्थानी काळाचा अनुभव :

आदिलाबाद हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. संस्थानात भाषणाला आणि सभेला अगोदर परवानगी घ्यावी लागत असे. मराठवाड्याच्या इतिहासात 'गश्ती निशाण ५३' हे नाव आजही घेतले जाते, ते याच संदर्भात. १९२० च्या दशकातील या परिपत्रकाने सभा-संमेलनांना सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली. कारण अर्थातच सार्वजनिक शांततेचे होते. बोलण्याआधीच बोलणे तपासायचे, ही पूर्वनियंत्रणाची पद्धत होय.

त्याच संस्थानातील दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. शोएबुल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबाद शहरात त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडण्यात आला आणि काही तासांत त्यांचा मृत्यू झाला. हे कृत्य रझाकारांचे होते. हल्लेखोरांच्या लेखी हे लेखन म्हणजे घातक अपप्रचार आणि स्वकीयांशी द्रोह होता. चार आठवड्यांच्या आत, १७ सप्टेंबर १९४८ ला, संस्थानच राहिले नाही. ज्या मताला अपप्रचार ठरवून माणूस मारला, तेच मत वस्तुस्थिती ठरले. शोएबुल्ला खान यांचे नाव आज हैदराबादच्या पत्रकारितेत आदराने घेतले जाते, पण ज्या रात्री त्यांना संरक्षणाची गरज होती त्या रात्री ते मिळाले नाही.

संविधानाची चौकट :

अनुच्छेद १९(१)(क) नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि अनुच्छेद १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्याला देतो. हे निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येतात त्याची यादी संविधानात दिलेली आहे : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. एकूण आठ कारणे. या यादीत 'असत्य' हा शब्द नाही.

ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते. एखादे विधान केवळ खोटे आहे एवढ्यावरून राज्याला ते दडपता येत नाही. त्या खोट्यामुळे वरील आठांपैकी कशाला तरी बाधा पोहोचते हे दाखवावे लागते. खोट्याने कोणाची बदनामी होत असेल तर अब्रुनुकसानीचा कायदा आहे. खोट्याने दंगल भडकत असेल तर सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण आहे. ही यादीही आयती मिळालेली नाही. १९५० मध्ये मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला राज्यात बंदी केली, तेव्हा रोमेश थापर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, कारण मूळ संविधानात 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारणच नव्हते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घालण्यात आले आणि त्याच दुरुस्तीने निर्बंधांमागे 'वाजवी' हा शब्दही आला. या एका शब्दावर पुढच्या सात दशकांतील बहुतेक निकाल उभे आहेत.

दंडविधानातही अफवेविषयी तरतूद जुनीच आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ५०५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ झाले आहे. त्यात आता खोटी माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यम यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लोकांत भीती निर्माण करणारी किंवा दोन समाजांत वैर वाढवणारी अफवा पसरवणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. मात्र विधान खरे आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल आणि ते सद्‌भावनेने, दुष्ट हेतूशिवाय केले असेल तर गुन्हा होत नाही, हा अपवादही त्याच कलमात आहे. पोलीस ठाण्यात कागद तयार होताना या अपवादाची आठवण क्वचितच ठेवली जाते.

या कलमाचा अर्थ लावणारा एक महत्त्वाचा निकाल तत्कालीन आंध्र प्रदेशातूनच गेलेला आहे. बिलाल अहमद कालू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (१९९७) या खटल्यात आरोप असा होता की, काश्मीरमध्ये सैन्य मुसलमानांवर अत्याचार करीत असल्याची माहिती आरोपीने हैदराबादमधील तरुणांत पसरवली. सर्वोच्च न्यायालयाने कलम १५३(क) व ५०५(२) खालील शिक्षा रद्द केली. ही कलमे लागू होण्यासाठी दोन समाज समोरासमोर आणले गेले पाहिजेत आणि वैर निर्माण करण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. नावडती, अतिरंजित किंवा असिद्ध गोष्ट सांगणे आणि दोन समाजांत आग लावणे यांतील रेषा या निकालाने आखली.

राईनपाडा : निर्बंधांच्या बाजूने सर्वांत बळकट दाखला

निर्बंध हवेत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलक्याने घेण्यासारखे नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या भागात काही दिवस मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश आणि चित्रफिती फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेली अशी एक चित्रफीत वास्तविक कराचीतील एका संस्थेची, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारी जाहिरात होती. मोटारसायकलवरून उचललेले मूल परत आणून सोडले जाते तो शेवटचा भाग कापून ती पसरवली गेली. चित्र खरे आणि अर्थ खोटा, असा हा प्रकार होता.

त्याच दिवशी रात्री मालेगावात असाच जमाव एका कुटुंबावर चालून गेला. तेथे मात्र स्थानिकांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलीस वेळेवर पोहोचले, म्हणून जीव वाचले. राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे खेडे आणि मालेगाव मुस्लिमबहुल शहर. अफवेने धर्म किंवा जात पाहिली नाही. त्याआधी मे २०१८ मध्ये हैदराबादच्या चंद्रायणगुट्टा भागातही एका तृतीयपंथी व्यक्तीचा याच संशयावरून जमावाने बळी घेतला होता.

खोट्या बोलण्यावरचा उपाय म्हणजे अधिक बोलणे, खरे बोलणे, हा उदारमतवादी सिद्धांत अमेरिकन न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांच्या १९२७ च्या मतपत्राशी जोडला जातो. पण ब्रँडाइस यांनी त्याला एक अट घातली होती, ती उद्धृत करताना सहसा गाळली जाते : चर्चेने खोटे उघडे पाडण्याइतका वेळ असेल तर. राईनपाड्याच्या त्या खोलीत तो वेळ नव्हता. ज्यांच्या अंगावर जमाव येतो त्यांना विचारांच्या मुक्त बाजारपेठेचा काही उपयोग नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला खटल्यातील निकालात प्रत्येक जिल्ह्यात अशा घटना रोखण्यासाठी पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही अशी मर्यादा आणली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. या मर्यादेचे वैशिष्ट्य असे की, तिने कोणता मजकूर खरा आणि कोणता खोटा हे ठरवले नाही. तिने केवळ वेग कमी केला. अभिव्यक्तीच्या आशयाला हात न लावता तिच्या प्रसाराचा वेग आवरणे, हा मार्ग या वादात जितकी चर्चा व्हायला हवी तितकी झालेला नाही.

पालघर : त्याच नाण्याची दुसरी बाजू

आता निर्बंधाचा अधिकार हाती आल्यावर काय घडते ते पाहू. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. त्या बंदविषयी प्रश्न विचारणारा चार ओळींचा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो केवळ पसंत केला. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. गुन्हा नोंदवताना वैर वाढवणाऱ्या मजकुराचे ५०५(२) हेच कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६(अ) वापरले गेले. त्या मजकुरात खोटी म्हणावी अशी एकही माहिती नव्हती, केवळ एक मत होते.

या प्रकरणातूनच श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६(अ) संपूर्ण रद्द झाले. न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या. एखाद्या मताची चर्चा करणे किंवा त्याचा पुरस्कार करणे, ते कितीही अप्रिय असो, संरक्षित आहे. चिथावणीच्या पायरीला पोहोचल्यावरच राज्याला हात घालता येतो. 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा मोघम शब्दांवर गुन्हा उभा करता येत नाही, कारण अशा शब्दांचा अर्थ अखेर ठाण्यातला अंमलदार ठरवतो.

राईनपाडा आणि पालघर ही दोन गावे एकत्र ठेवून पाहिली म्हणजे वादाची अडचण लक्षात येते. एके ठिकाणी कायदा असूनही वेळेवर आला नाही, दुसऱ्या ठिकाणी तो गरज नसताना काही तासांत हजर झाला.

२०२० : खोटे वरून खाली येते तेव्हा

अफवा म्हणजे खेड्यातील अर्धशिक्षितांच्या मोबाइलवरील संदेश, असा एक समज शहरी चर्चेत रूढ आहे. २०२० च्या मार्च-एप्रिलने तो खोटा ठरवला. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील तबलीगी जमातच्या मेळाव्यानंतर करोना साथीचे खापर एका समाजाच्या माथी फोडण्याची जी मोहीम चालली, ती निनावी संदेशांतून जितकी चालली तितकीच वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावरूनही चालली. फळविक्रेत्यांवर बहिष्काराचे फलक लागले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिक आणि काही भारतीयांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मरकजला आलेल्या परदेशी पाहुण्यांविरुद्ध मोठा प्रचार झाला, ते साथीला जबाबदार असल्याचे चित्र रंगवले गेले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असा निष्कर्ष न्यायालयाने नोंदवला. जमियत उलमा-ए-हिंदची याचिका सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२० मध्येच दाखल झाली होती. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने जून २०२१ मध्ये दोन कन्नड वाहिन्यांना अनुक्रमे १ लाख आणि ५० हजार रुपये दंड केला. तोपर्यंत चौदा महिने उलटून गेले होते. दंडाची रक्कम एखाद्या जाहिरातीच्या दरापेक्षा फार मोठी नव्हती हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. टाळेबंदीनंतर हजारो मजूर पायी निघाले; हैदराबादहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ निर्मल आणि आदिलाबादवरूनच नागपूरकडे जातो. टाळेबंदी तीन महिने चालेल या खोट्या बातमीमुळे हे स्थलांतर झाले, असे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि सरकारकडून खातरजमा केल्याशिवाय माध्यमांनी काही प्रसिद्ध करू नये असा आदेश मागितला. ३१ मार्च २०२० च्या आदेशात न्यायालयाने तेवढी बंदी घातली नाही. मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नसल्याचे सांगून माध्यमांनी अधिकृत माहितीचाही हवाला द्यावा आणि सरकारने रोज निवेदन काढावे, असे म्हटले. मजुरांच्या चालण्यामागे रोजगार, भाडे आणि धान्य हे प्रश्न नव्हते, ते केवळ एका अफवेमुळे निघाले, हे मान्य करणे मात्र कठीण आहे. 'अफवा' हा शब्द कधी कधी परिस्थितीची जबाबदारी झटकण्यासाठीही कामी येतो.

सत्य ठरवणारा सरकारी कक्ष :

६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असे सरकारच्याच सत्यशोधन कक्षाने ठरवले, तर तो काढून न टाकणाऱ्या समाजमाध्यम कंपनीला कायदेशीर संरक्षण गमवावे लागेल, अशी ही तरतूद होती. विनोदी कलाकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठात मतभेद झाला. न्या. गौतम पटेल यांच्या मते सरकार स्वतःच्याच कारभाराविषयी खरे-खोटे ठरवणारे न्यायाधीश बनत होते. न्या. नीला गोखले यांच्या मते नियमाची व्याप्ती मर्यादित होती आणि जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्यापुरतीच ती लागू होती. २० मार्च २०२४ ला सरकारने कक्ष अधिसूचित केला, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अखेर तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरवला. अनुच्छेद १९(२) च्या यादीबाहेरचे कारण नियमाने आणता येत नाही, 'खोटे' व 'दिशाभूल करणारे' हे शब्द मोघम आहेत, आणि नागरिकांना केवळ सत्यच मिळेल याची हमी देणे हे राज्याचे काम नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे.

अन्य देशांचा अनुभवही थोडक्यात पाहता येईल. सिंगापूरच्या २०१९ च्या कायद्यात मंत्रीच प्रथम निर्णय देतो आणि मग न्यायालयाकडे जाता येते. मलेशियाने २०१८ मध्ये खोट्या बातम्यांविरुद्ध कायदा केला. पहिली शिक्षा झाली ती कौलालंपूरमध्ये एका पॅलेस्टिनी प्राध्यापकाच्या हत्येनंतर पोलीस उशिरा आले असे म्हणणाऱ्या एका परदेशी नागरिकाला. पुढच्याच वर्षी हा कायदा रद्द झाला.

जैनूर, २०२४ :

आता पुन्हा जुन्या आदिलाबादकडे वळू. कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील जैनूर मंडळात ३१ ऑगस्ट २०२४ रोजी एका आदिवासी महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. ती बेशुद्ध होती. सुरुवातीला घटनेची नोंद रस्त्यावरील अपघात म्हणून झाली. हैदराबादच्या रुग्णालयात शुद्धीवर आल्यानंतर तिने प्रत्यक्षात काय घडले ते सांगितले आणि रिक्षाचालकाला अटक झाली. ४ सप्टेंबरला आदिवासी संघटनांनी बंद पुकारला. त्या दिवशी जैनूरमध्ये एका समाजाची दुकाने व वाहने जाळली गेली, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला. संचारबंदी आली, इंटरनेट बंद झाले, राज्याच्या पोलीस महासंचालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये असे आवाहन केले.

या घटनाक्रमात वादाचा गाभा आहे. समजा, १ सप्टेंबरला गावातील कोणी लिहिले असते की हा अपघात नाही, हा हल्ला आहे. अधिकृत नोंद अपघाताची होती. सरकारी नोंदीशी विसंगत ते खोटे, असा नियम असता तर खरे सांगणारा तोच मनुष्य अफवा पसरवणारा ठरला असता. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर एका व्यक्तीच्या गुन्ह्याचे रूपांतर संपूर्ण समाजाच्या गुन्ह्यात करणारे बोलणे हे खऱ्या घटनेवर आधारलेले असूनही विषारी होते. तेथे असत्य नव्हते, चिथावणी होती. म्हणजे ज्याला कायद्याने रोखायला हवे होते ते विधान तथ्याच्या कसोटीवर कदाचित उत्तीर्ण झाले असते, आणि ज्याला संरक्षण हवे होते ते अनुत्तीर्ण. खरे-खोटे या एकाच फूटपट्टीने अभिव्यक्ती मोजण्याचा धोका यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

इंटरनेटबंदीने यातले काहीच सुटत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये भैंशाला दंगल झाली आणि जवळच्या वटोली गावात एकाच मुस्लिम कुटुंबातील सहा जणांना जाळून मारण्यात आले, तेव्हा व्हॉट्सॲप अस्तित्वातही आलेले नव्हते. अफवेला तोंड पुरते. बंदीमुळे मात्र अफवेबरोबर तिचे खंडनही थांबते. मुलगा सुखरूप आहे हा निरोपही थांबतो, मजुरीचे पैसेही अडकतात. शिवाय बंदीचा आदेश एका राज्याचा गृहसचिव काढतो. पैनगंगेच्या अलीकडचा आदेश पलीकडच्या यवतमाळ, चंद्रपुरात लागू होत नाही, आणि भैंशाचे सोयरेधायरे तर नांदेड जिल्ह्यात पसरलेले. तिकडून आलेला फोन येथील गल्लीत बातमी होतो.

मग भाषेचा प्रश्न उरतो. तेलंगणात तेलुगू आणि उर्दू या राजभाषा आहेत. मराठी, गोंडी, कोलामी यांना तो दर्जा नाही. अफवा मराठीत येते आणि तिचे अधिकृत खंडन दुसऱ्या भाषेत निघते, तेव्हा दोघांची गाठच पडत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवर वाढत असताना बर्मी भाषा जाणणारे तपासनीस कंपनीकडे अत्यंत मोजके होते. हिंसेला आळा घालण्यासाठी आपण पुरेसे केले नाही असे कंपनीने २०१८ मध्ये मान्य केले. मोठ्या देशाच्या राष्ट्रभाषेची ही स्थिती असेल तर उटनूरच्या डोंगरातील गोंडीची काय कथा. आदिलाबाद आकाशवाणी गोंडीतून कार्यक्रम देते. इंटरनेट बंद असतानाही रेडिओ चालू असतो.

गदवालचा प्रयोग :

तेलंगणाच्या दक्षिण टोकाला जोगुलांबा गदवाल हा जिल्हा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्यांच्या अफवांनी तेथील लोक रात्री दारे लावून घेऊ लागले, बाहेर झोपणे बंद झाले. तत्कालीन पोलीस अधीक्षक रमा राजेश्वरी यांनी गावागावांसाठी एकेक पोलीस शिपाई नेमला. त्याने गावात जायचे, नावानिशी लोकांना ओळखायचे, स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि गावच्या मोबाइल गटांत सामील व्हायचे. संशयास्पद संदेश आला की गावकरी तो पुढे पाठवण्याआधी त्याला विचारू लागले. गावात दवंडी पिटली गेली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डप्पू वाजवणारे आणि लोकगीते गाणारे कलापथक फिरले. खोट्या चित्रफिती कशा तयार होतात हे त्यांनी तेलुगू गाण्यांतून सांगितले. कोणाचे खाते बंद करावे लागले नाही, जिल्ह्याचे इंटरनेटही नाही. शिपाई गावात पोहोचला होता तो दंगलीनंतर नव्हे, आधी.